ग्राहकोपयोगी मदरबोर्डवरील त्रुटीसुधारक स्मृती

त्रुटीसुधारक स्मृती म्हणजे साठवलेल्या माहितीत आपोआप उद्भवलेली चूक वाचनाच्या वेळी ओळखणारी आणि ती एका बिटापुरती असल्यास दुरुस्तही करणारी संगणकाची तात्पुरती स्मृती होय. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला ईसीसी स्मृती किंवा ईसीसी रॅम असे म्हणतात. सर्व्हर, वैज्ञानिक गणनेची यंत्रे आणि व्यावसायिक वर्कस्टेशन यांमध्ये अशी स्मृती सर्रास वापरली जाते. घरगुती व कार्यालयीन वापराच्या संगणकांत मात्र ती अपवादानेच आढळते.

या फरकाचे कारण केवळ तांत्रिक नाही. ईसीसीचे तत्त्व इ.स. १९५० पासून ज्ञात आहे आणि त्यासाठी लागणारा जादा खर्चही मर्यादित आहे. तथापि ही सोय प्रत्यक्ष कार्यरत होण्यासाठी रॅम, प्रोसेसर, मदरबोर्ड आणि बायोस या चारही घटकांनी तिला आधार द्यावा लागतो. यांपैकी एकाने जरी तो दिला नाही, तरी बहुतेक वेळा संगणक नेहमीप्रमाणे चालू राहतो. केवळ दुरुस्ती होत नाही, आणि तसे होत नसल्याची सूचनाही मिळत नाही. म्हणून मदरबोर्डच्या माहितीपत्रकातील ‘ईसीसीला आधार’ या शब्दांचा नेमका अर्थ समजून घेणे आवश्यक ठरते.

स्मृतीतील चुका आणि त्यांची कारणे

संगणकातील सर्व माहिती, म्हणजेच विदा, शून्य आणि एक या दोन अंकांच्या रूपात साठवली जाते. अशा एका अंकास बिट म्हणतात. आजच्या रॅममध्ये प्रत्येक बिट एका अतिसूक्ष्म संधारित्रातील विद्युतभाराच्या रूपाने राहतो. हा भार सतत गळत असल्याने तो ठरावीक काळाने पुन्हा भरावा लागतो. डीडीआर४ पर्यंतच्या रॅममध्ये हा काळ साधारणपणे ६४ मिलिसेकंद इतका असतो. १६ गिगाबाइट क्षमतेच्या रॅममध्ये अशी सुमारे १३,७४४ कोटी संधारित्रे असतात. त्यांतील एखाद्याचा भार चुकीच्या क्षणी बदलला, तर शून्याचा एक किंवा एकाचा शून्य होतो. यालाच बिट उलटणे असे म्हणतात.

या चुकांचे दोन प्रकार मानले जातात. पहिल्या प्रकारात चिप निर्दोष असते, परंतु बाह्य कारणाने एखादा बिट तात्पुरता उलटतो. तेथे नवी विदा लिहिली की चूक नाहीशी होते. यास मृदू चूक म्हणतात. दुसऱ्या प्रकारात चिपचा एखादा भाग कायमचा सदोष झालेला असतो आणि तीच चूक त्याच ठिकाणी वारंवार येते. यास कठीण चूक म्हणतात.

मृदू चुकांचे एक अनपेक्षित कारण १९७८ मध्ये उघडकीस आले. इंटेल कंपनीतील टिमोथी मे आणि मरे वुड्स यांनी असे दाखवून दिले की, चिपच्या वेष्टनात अत्यल्प प्रमाणात असलेल्या युरेनियम व थोरियम या किरणोत्सारी मूलद्रव्यांतून निघणारे अल्फा कण बिट उलटवू शकतात. त्यानंतर वेष्टनासाठी अधिक शुद्ध पदार्थ वापरले जाऊ लागले. १९७९ मध्ये जेम्स झिगलर आणि विल्यम लॅनफर्ड यांनी वैश्विक किरणांमुळेही असा परिणाम होऊ शकतो, असे प्रतिपादन केले. वैश्विक किरणांपासून निर्माण होणारे न्यूट्रॉन वेष्टन शुद्ध करून अडवता येत नाहीत. याखेरीज सदोष उत्पादन, अतिउष्णता, विद्युतदाबातील चढउतार, खाचेत नीट न बसलेली रॅम आणि निर्धारित वेगापेक्षा अधिक वेगाने रॅम चालवणे हीही चुकांची कारणे आहेत.

२०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ‘रोहॅमर’ या नावाने ओळखला जाणारा आणखी एक परिणाम मांडला गेला. रॅममधील एकच ओळ अत्यंत वेगाने पुन्हा पुन्हा उघडल्यास शेजारच्या ओळीतील बिट उलटू शकतात. २०१५ मध्ये गूगलच्या सुरक्षा संशोधकांनी या दोषाचा उपयोग करून संगणकावर अनधिकृत ताबा मिळवता येतो, हे दाखवले. त्यामुळे बिट उलटणे हा केवळ विश्वासार्हतेचा नव्हे, तर सुरक्षेचाही विषय ठरला.

एका बिटाचा परिणाम

उलटलेला बिट रॅमच्या न वापरलेल्या भागात असेल, तर काहीही घडत नाही. तो एखाद्या चित्रातील ठिपक्याचा असेल, तर त्या ठिपक्याचा रंग किंचित बदलतो. तो प्रणालीच्या आज्ञांमध्ये असेल, तर संगणक अचानक बंद पडतो. वापरकर्त्याला त्रास होतो, पण काहीतरी बिघडले आहे हे निदान त्याला कळते. सर्वांत धोकादायक असते ती कोणालाही न कळता विदेत शिरलेली चूक.

समजा, एखाद्या गुणपत्रिकेत ३५ गुणांची नोंद आहे. द्विमान पद्धतीत ही संख्या १०००११ अशी लिहितात. तिच्या सर्वांत डावीकडील बिटाचे मूल्य ३२ आहे. तेवढाच बिट उलटल्यास संख्या ००००११, म्हणजे ३ होते आणि उत्तीर्ण विद्यार्थी अनुत्तीर्ण ठरतो. त्याऐवजी १६ मूल्याचा बिट उलटला, तर तीच नोंद ५१ होते. दोन्ही संख्या गुण म्हणून शक्य कोटीतील असल्याने संगणकाला किंवा वाचणाऱ्याला संशय येण्याचे कारण उरत नाही.

मजकुराच्या बाबतीतही असेच घडू शकते. युनिकोड या संकेतप्रणालीत ‘क’ आणि ‘ग’ या अक्षरांच्या क्रमांकांत केवळ एका बिटाचा फरक आहे. त्यामुळे एक बिट उलटल्यास ‘कडू’ या शब्दाचा ‘गडू’ होऊ शकतो. दोन्ही शब्द अर्थपूर्ण असल्याने शुद्धलेखन तपासणाऱ्या आज्ञावलीलाही ही चूक सापडणार नाही. अशी विदा पुढे डिस्कवर साठवली गेली आणि तिच्या प्रती काढल्या गेल्या, की प्रत्येक प्रतीत तीच चूक उतरते.

याचे सार्वजनिक जीवनातील एक प्रसिद्ध उदाहरण बेल्जियममधील आहे. १८ मे २००३ रोजी तेथे झालेल्या निवडणुकीत ब्रुसेल्सजवळील स्कारबेक येथे एका उमेदवाराच्या नावावर प्रत्यक्षापेक्षा ४,०९६ मते अधिक नोंदली गेली. मिळालेली मते शक्य असलेल्या मतांहून जास्त असल्यामुळे ही विसंगती लक्षात आली आणि फेरमोजणीत ती दूर झाली. ४,०९६ ही संख्या दोनाचा बारावा घात आहे. म्हणजे एकाच बिटाच्या बदलाने नेमका एवढाच फरक पडतो. आज्ञावलीत दोष न सापडल्याने हा बिट आपोआप उलटला असावा, असा निष्कर्ष काढण्यात आला. कारण प्रत्यक्ष सिद्ध झालेले नसले, तरी उलटलेला बिट कमी मूल्याचा असता, तर चूक कदाचित लक्षातही आली नसती.

चूक ओळखण्यापासून दुरुस्तीपर्यंत

चूक ओळखण्यासाठी मूळ विदेसोबत काही जादा माहिती ठेवावी लागते. बँकेच्या धनादेशावर रक्कम आकडी आणि अक्षरी अशी दोनदा लिहितात, ती याच हेतूने. आधार क्रमांकाच्या बारा अंकांपैकी शेवटचा अंकही आधीच्या अकरा अंकांवरून काढलेला तपासणी अंक असतो. दोन्ही ठिकाणी चूक झाल्याचे कळते, पण बरोबर काय होते हे त्यावरून निश्चित सांगता येत नाही.

संगणकातील सर्वांत साधी तपासणी म्हणजे पॅरिटी. आठ बिटांच्या प्रत्येक गटास नववा बिट जोडून गटातील एकांची एकूण संख्या नेहमी सम, किंवा ठरवल्यास नेहमी विषम, ठेवली जाते. वाचताना ही संख्या नियमाविरुद्ध निघाली, तर एक बिट उलटला आहे हे कळते. मात्र कोणता बिट उलटला ते कळत नाही. शिवाय एकाच वेळी दोन बिट उलटल्यास नियम पाळला गेल्यासारखे दिसते आणि चूक निसटते.

दुरुस्तीचा मार्ग अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील गणिती रिचर्ड हॅमिंग यांनी दाखवला. १९४७ च्या सुमारास ते तेथील रिले-संगणकावर सप्ताहाच्या अखेरीस आपली गणिते चालवण्यास ठेवत. यंत्राला चूक आढळली की देखरेखीस कोणी नसल्याने ते चालू गणित सोडून पुढच्या कामाकडे वळे, आणि सोमवारी हॅमिंग यांना अपूर्ण काम मिळे. यंत्राला चूक ओळखता येत असेल, तर तिची जागा शोधून ती सुधारता का येऊ नये, या प्रश्नातून त्यांनी जो संकेत रचला तो १९५० मध्ये ‘बेल सिस्टिम टेक्निकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. हा संकेत हॅमिंग संकेत या नावाने ओळखला जातो.

त्याचे तत्त्व एका लहान उदाहरणाने समजते. १०११ हे चार बिट साठवायचे आहेत. त्यासाठी सात जागा घेऊन त्यांना डावीकडून १ ते ७ असे क्रमांक द्यावेत. १, २ आणि ४ या जागा तपासणीच्या बिटांसाठी राखून उरलेल्या ३, ५, ६ आणि ७ या जागांवर विदेचे बिट अनुक्रमे लिहावेत. तपासणीचे तीन गट पुढीलप्रमाणे असतात :

पहिला गट : जागा १, ३, ५, ७
दुसरा गट : जागा २, ३, ६, ७
चौथा गट : जागा ४, ५, ६, ७

प्रत्येक गटातील एकांची संख्या सम राहील, अशा रीतीने तपासणीचे बिट भरल्यास ०११००११ ही मांडणी मिळते. आता सहाव्या जागेवरील बिट उलटून मांडणी ०११०००१ झाली असे समजू. पहिल्या गटात एकांची संख्या दोन, म्हणजे सम आहे. दुसऱ्या गटात ती तीन आणि चौथ्या गटात एक आहे. दोन्ही विषम आहेत. नियम मोडलेल्या गटांच्या क्रमांकांची बेरीज २ + ४ = ६ येते, आणि चूक नेमकी सहाव्या जागेवरच आहे. चुकीची जागा कळली की दुरुस्ती सोपी होते, कारण बिटाला दोनच अवस्था असतात. तो पुन्हा उलटला की मूळ विदा मिळते.

या रचनेत आणखी एक पॅरिटी बिट मिळवल्यास एका बिटाची चूक सुधारता येते आणि दोन बिटांची चूक ओळखता येते. ६४ बिटांच्या विदेसाठी असे एकूण ८ जादा बिट पुरतात. संगणकाच्या ईसीसी स्मृतीत दीर्घकाळ हीच ७२ बिटांची मांडणी प्रचलित राहिली आहे.

रॅमच्या पट्टीची रचना

साध्या रॅमच्या पट्टीवर, तिची रुंदी ६४ बिट असल्यास, प्रत्येकी ८ बिट पुरवणाऱ्या आठ चिप एका ओळीत बसवलेल्या असतात. ईसीसी पट्टीवर अशा नऊ चिप असतात. नववी चिप तपासणीचे बिट साठवते. अर्थात चिपच्या संख्येत एक अष्टमांश, म्हणजे १२.५ टक्के वाढ होते. बाजारातील किमतीतला फरक मात्र मागणी व उपलब्धतेनुसार याहून बराच अधिक असू शकतो.

येथे एक गैरसमज टाळणे आवश्यक आहे. नववी चिप स्वतः दुरुस्ती करत नाही. तपासणीचे बिट काढणे, वाचताना ते पडताळणे आणि चूक सुधारणे हे काम स्मृती-नियंत्रकाचे असते. पट्टी केवळ जादा बिट साठवण्याची जागा पुरवते. नियंत्रकाने त्या जागेचा उपयोग केला नाही, तर ईसीसी पट्टी ही साध्या पट्टीप्रमाणेच काम करते.

ईसीसी पट्ट्यांमध्येही दोन मुख्य प्रकार आहेत. सर्व्हरमध्ये प्रायः रजिस्टर्ड पट्ट्या वापरतात. त्यांवर नियंत्रकाकडून येणारे संकेत पुढे पाठवणारी एक स्वतंत्र चिप असते, त्यामुळे एका संगणकात अधिक रॅम बसवता येते. ग्राहकोपयोगी मदरबोर्डवर अशा पट्ट्या चालत नाहीत. तेथे ही चिप नसलेल्या, म्हणजे अनबफर्ड पट्ट्याच लागतात. डीडीआर४ मध्ये रजिस्टर्ड पट्टी घरगुती मदरबोर्डच्या खाचेत बसते, पण संगणक सुरू होत नाही. डीडीआर५ मध्ये दोन्हींचा विद्युतपुरवठा व खाचेची जागा वेगळी असल्याने ती बसतच नाही. वापरलेल्या सर्व्हरमधील स्वस्त रॅम विकत घेणाऱ्यांची याच ठिकाणी फसगत होते.

आधाराचे चार दुवे

ग्राहकोपयोगी संगणकात ईसीसी प्रत्यक्ष कार्यरत होण्यासाठी पुढील चार गोष्टी जुळून याव्या लागतात.

पहिला दुवा रॅमच्या पट्टीचा. ती जादा बिट असलेली आणि अनबफर्ड प्रकारची हवी. एकाच संगणकात ईसीसी व साधी पट्टी एकत्र बसवल्यास सामान्यतः ईसीसी बंद राहते.

दुसरा दुवा प्रोसेसरचा. आधुनिक संगणकात स्मृती-नियंत्रक प्रोसेसरच्या आतच असतो. त्यात ईसीसीची क्षमता असली पाहिजे आणि उत्पादकाने ती बंद केलेली नसली पाहिजे.

तिसरा दुवा मदरबोर्डच्या जोडणीचा. जादा बिटांसाठी प्रोसेसर आणि रॅमच्या खाचा यांना जोडणारे तांब्याचे जादा मार्ग मदरबोर्डवर असावे लागतात. ते नसतील, तर नंतर कोणत्याही उपायाने ही उणीव भरून काढता येत नाही.

चौथा दुवा बायोसचा. संगणक सुरू होताना बायोस रॅमची चाचणी घेऊन नियंत्रकाची मांडणी करते. त्या वेळी ईसीसी सुरू करणे आणि चुकांची माहिती कार्यप्रणालीपर्यंत पोहोचण्याची व्यवस्था लावणे हे तिचे काम असते. बायोसच्या एखाद्या नव्या आवृत्तीत ही सोय मिळू शकते, तशीच ती नाहीशीही होऊ शकते.

ऐतिहासिक आढावा

घरगुती संगणकात स्मृतीची तपासणी पूर्वीपासून नव्हतीच, हा समज बरोबर नाही. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये प्रत्येक आठ बिटांमागे नववा पॅरिटी बिट होता. चूक आढळली की संगणक पडद्यावर संदेश दाखवून थांबत असे. त्याच्याशी सुसंगत असलेल्या अनेक संगणकांनीही ही पद्धत स्वीकारली.

१९९० च्या दशकाच्या मध्यास किमतींच्या स्पर्धेत नववी चिप गाळण्याकडे कल वाढला. इंटेलच्या १९९५ मधील ४३०एफएक्स या लोकप्रिय चिपसेटमध्ये पॅरिटीची सोय नव्हती. तथापि १९९६ च्या ४३०एचएक्स आणि १९९८ च्या ४४०बीएक्स या चिपसेटमध्ये ईसीसीला आधार होता. ४४०बीएक्सवर आधारित मदरबोर्ड सामान्य ग्राहकांत विशेष प्रचलित होते. म्हणजे त्या काळी सर्वसाधारण पेंटियम २ संगणकातही ईसीसी वापरणे शक्य होते.

तोपर्यंत स्मृती-नियंत्रक चिपसेटमध्ये, म्हणजे मदरबोर्डवर असे. एएमडीने २००३ मध्ये अ‍ॅथलॉन ६४ या प्रोसेसरमध्ये आणि इंटेलने २००८ मध्ये पहिल्या कोअर आय७ मध्ये नियंत्रक प्रोसेसरच्या आत घेतला. तेव्हापासून ईसीसी देणे अथवा न देणे हा निर्णय मुख्यतः प्रोसेसरच्या उत्पादकाच्या हाती आला.

इंटेलने ही सोय दीर्घकाळ झिऑन या व्यावसायिक श्रेणीसाठी राखून ठेवली. ग्राहकांसाठीच्या कोअर आय५ व आय७ श्रेणीत ती प्रायः बंद असे, आणि ती चालवण्यासाठी सर्व्हर किंवा वर्कस्टेशनचा चिपसेट लागत असे. काही पिढ्यांतील कोअर आय३ व पेंटियम प्रोसेसरांत मात्र अशा चिपसेटसह ईसीसी चालत असे. त्यामुळे कमी किमतीच्या प्रोसेसरमध्ये असलेली सोय महागड्या प्रोसेसरमध्ये नाही, अशी विसंगती निर्माण झाली होती. २०२२ मध्ये आलेल्या डब्ल्यू६८० या चिपसेटसोबत बाराव्या पिढीतील अनेक कोअर आय५, आय७ व आय९ प्रोसेसरांना ही सोय मिळाली. पण तो चिपसेट वर्कस्टेशनसाठीचा असल्याने त्यावरील मदरबोर्ड तुलनेने महाग व थोडे आहेत.

एएमडीने २०१७ मध्ये आलेल्या रायझेन श्रेणीत वेगळे धोरण ठेवले. बहुतेक रायझेन प्रोसेसरांत ईसीसीची क्षमता बंद केलेली नाही, परंतु ग्राहकोपयोगी मंचावर तिची औपचारिक चाचणी घेऊन हमीही दिलेली नाही. ती देणे न देणे मदरबोर्डच्या उत्पादकावर सोपवलेले आहे. अंतर्गत ग्राफिक्स असलेल्या अनेक रायझेन प्रोसेसरांत ही सोय केवळ ‘प्रो’ आवृत्तीतच मिळत असे. २०२४ मध्ये याच एएम५ सॉकेटसाठी आलेल्या एपिक ४००४ या सर्व्हर श्रेणीत मात्र ईसीसीला अधिकृत आधार आहे.

लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी जानेवारी २०२१ मध्ये इंटेलच्या धोरणावर उघड टीका केली. बाजाराचे विभाग पाडण्याच्या धोरणामुळे सामान्य ग्राहकांना ईसीसीपासून वंचित राहावे लागले, असे त्यांचे मत होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांच्याच ईसीसी नसलेल्या संगणकातील रॅमची एक पट्टी बिघडली आणि लिनक्स कर्नलचे त्यांचे काम काही काळ खोळंबले.

ग्राहकोपयोगी यंत्रे मोठ्या संख्येने एकत्र आणल्यावर ईसीसीचा अभाव किती जाणवतो, याचे उदाहरण अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठात मिळते. २००३ मध्ये तेथे अ‍ॅपल कंपनीचे १,१०० पॉवर मॅक जी५ संगणक जोडून महासंगणक उभारण्यात आला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमधील जागतिक क्रमवारीत त्याने तिसरे स्थान मिळवले. पण त्या संगणकांत ईसीसी नव्हती, आणि इतक्या यंत्रांवर दीर्घकाळ चालणाऱ्या गणनेच्या उत्तरावर विसंबणे कठीण होते. २००४ मध्ये ते सर्व संगणक बदलून ईसीसी असलेले एक्ससर्व्ह जी५ बसवण्यात आले.

चुका किती वेळा होतात

या प्रश्नावरील महत्त्वाचा अभ्यास बियांका श्रोडर, एदुआर्दो पिन्हेरो आणि वोल्फ-डिट्रिख वेबर यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी गूगलच्या सर्व्हरमधील सुमारे अडीच वर्षांच्या नोंदी तपासल्या. दर वर्षी सुमारे एक तृतीयांश यंत्रांत किमान एक सुधारता येण्याजोगी चूक आढळली. रॅमच्या पट्ट्यांपैकी आठ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांमध्ये वर्षभरात चूक नोंदली गेली. चुका सर्व यंत्रांत सारख्या विखुरलेल्या नव्हत्या. ज्या पट्टीत एकदा चूक झाली, तिच्यात पुन्हा चूक होण्याची शक्यता बरीच अधिक होती. यावरून मृदू चुकांपेक्षा कठीण चुकांचा वाटा मोठा असावा, असा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला.

२०११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सुमारे दहा लाख ग्राहकोपयोगी संगणकांच्या बिघाडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातही रॅममधील एका बिटाच्या चुकीने एकदा बंद पडलेला संगणक त्याच कारणाने पुन्हा बंद पडण्याची शक्यता अनेक पटींनी वाढते, असे दिसून आले.

या दोन्ही अभ्यासांतून ईसीसीचा एक दुर्लक्षित उपयोग स्पष्ट होतो. ती चूक सुधारतेच, पण चुकीची नोंदही ठेवते. एकाच पट्टीच्या नोंदी वाढू लागल्या, की ती बदलावी हे वेळीच कळते. साध्या रॅममध्ये ही पूर्वसूचना मिळत नाही.

डीडीआर५ विषयीचा संभ्रम

जुलै २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीडीआर५ या मानकानुसार प्रत्येक रॅम चिपच्या आतच एक त्रुटीसुधारक यंत्रणा असते. प्रत्येक १२८ बिटांमागे ८ तपासणी बिट ठेवून ती चिपमधील एका बिटाची चूक सुधारते. चिपमधील संधारित्रे अधिकाधिक लहान होत गेल्यामुळे उत्पादनातच राहणारे बारीक दोष झाकण्यासाठी ही यंत्रणा आवश्यक ठरली आहे.

मात्र त्यामुळे सर्व डीडीआर५ रॅम ईसीसी रॅम ठरत नाही. ही यंत्रणा चिपच्या आतल्या विदेपुरती मर्यादित आहे. चिपमधून प्रोसेसरपर्यंत जाताना मार्गात झालेली चूक तिला दिसत नाही, आणि तिने केलेल्या दुरुस्तीची नोंद सामान्यतः कार्यप्रणालीपर्यंत पोहोचत नाही. पूर्ण संरक्षणासाठी डीडीआर५ मध्येही जादा बिट असलेली पट्टी आणि वर सांगितलेले चारही दुवे लागतातच. डीडीआर५ पट्टीचे ३२ बिटांचे दोन स्वतंत्र उपमार्ग असल्याने प्रत्येक उपमार्गाला स्वतःचे तपासणी बिट द्यावे लागतात.

‘आधार आहे’ याचे तीन अर्थ

मदरबोर्डच्या माहितीपत्रकात ईसीसीचा उल्लेख तीन वेगवेगळ्या अर्थांनी येऊ शकतो. पहिल्या अर्थाने ईसीसी पट्टी बसवल्यास संगणक सुरू होतो, पण जादा बिट वापरले जात नाहीत. अशा वेळी काही माहितीपत्रकांत ‘ईसीसीविरहित पद्धतीने चालते’ अशा आशयाचा खुलासा असतो. दुसऱ्या अर्थाने चूक सुधारली जाते, पण तिची नोंद कार्यप्रणालीपर्यंत पोहोचत नाही. तिसऱ्या अर्थाने चूक सुधारली जाते आणि नोंदलीही जाते. पूर्ण आधार म्हणता येईल तो हाच.

प्रत्यक्ष पडताळणीसाठी पुढील मार्ग उपलब्ध आहेत. डीडीआर४ पट्टीच्या लेबलवर वेगाच्या आकड्यानंतर इंग्रजी ‘ई’ हे अक्षर असल्यास ती अनबफर्ड ईसीसी पट्टी असते. ‘यू’ म्हणजे साधी आणि ‘आर’ म्हणजे रजिस्टर्ड पट्टी. लिनक्समध्ये डीएमआयडीकोड ही आज्ञा रॅमची एकूण रुंदी ७२ बिट आणि विदेची रुंदी ६४ बिट अशी दाखवते. परंतु यातून केवळ पट्टीची ओळख पटते, दुरुस्ती चालू असल्याचे सिद्ध होत नाही. त्यासाठी लिनक्सची ईडॅक ही यंत्रणा अधिक उपयुक्त आहे. ती स्मृती-नियंत्रकाकडून स्थिती जाणून घेते आणि सुधारलेल्या व न सुधारता आलेल्या चुकांची वेगवेगळी मोजणी ठेवते.

मोजणी शून्य असणे हेही दोन अर्थांचे असू शकते : चूक झालीच नाही, किंवा झालेली चूक नोंदली गेली नाही. म्हणून काही जाणकार रॅमचा वेग हळूहळू वाढवून मुद्दाम चूक घडवून आणतात आणि तिची नोंद होते का, हे पाहतात. ही चाचणी महत्त्वाची विदा नसलेल्या संगणकावरच करणे इष्ट असते.

मर्यादा

ईसीसी हे सर्व दोषांवरचे औषध नाही. प्रचलित मांडणी एकाच शब्दातील दोन बिटांची चूक केवळ ओळखते. अशा वेळी चुकीची विदा वापरण्याऐवजी संगणक थांबवला जातो. तीन किंवा अधिक बिट एकाच वेळी उलटल्यास चूक निसटू शकते, किंवा चुकीची दुरुस्तीही होऊ शकते. किरकोळ चुका साचून दोन बिटांची चूक होऊ नये, म्हणून काही संगणकांत रॅम ठरावीक काळाने वाचून, सुधारून पुन्हा लिहिली जाते. एखादी संपूर्ण चिप निकामी झाली तरी चालू राहणाऱ्या अधिक प्रगत पद्धती मुख्यतः सर्व्हरमध्येच आढळतात.

रोहॅमर हल्ल्यांविरुद्धही ईसीसी अभेद्य नाही. २०१८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या मुक्त विद्यापीठातील संशोधकांनी ईसीसी असलेल्या रॅमवरही असा हल्ला यशस्वी होऊ शकतो, हे दाखवले. मात्र तो अधिक कठीण आणि वेळखाऊ असतो. आज्ञावलीतील दोष, बिघडलेली डिस्क किंवा वापरकर्त्याकडून पुसली गेलेली फाइल यांपासून ईसीसी संरक्षण देत नाही. त्यामुळे विदेच्या स्वतंत्र प्रती ठेवण्याची गरज तिच्यामुळे कमी होत नाही.

उपयुक्तता

चित्रपट पाहणे, खेळ खेळणे किंवा महाजालावर वाचन करणे यांसाठी ईसीसी नसल्याने बहुधा काही बिघडत नाही; बिघडलेच तर संगणक पुन्हा सुरू केला की काम भागते. याउलट वर्षानुवर्षांची छायाचित्रे, हिशेब, संशोधनातील मोजमापे किंवा एखाद्या संस्थेच्या दप्तराच्या डिजिटल प्रती ज्या संगणकावरून जातात, तेथे चुकीचे मोल वेगळे असते. चोवीस तास चालणारे घरगुती साठवण-सर्व्हर हे याचे नेहमीचे उदाहरण आहे. आधुनिक फाइल-प्रणाली डिस्कवरील विदेचा तपासणी अंक ठेवतात, परंतु विदा रॅममध्ये असतानाच बिघडली असेल, तर त्या बिघडलेल्या विदेचाच तपासणी अंक काढला जातो आणि चूक बरोबर म्हणून नोंदली जाते.

ग्राहकोपयोगी मदरबोर्ड निवडताना ईसीसी हवी असल्यास प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅमची पट्टी या तिन्हींची माहितीपत्रके एकत्र पडताळणे, बायोसमध्ये ती चालू असल्याची खात्री करणे आणि कार्यप्रणालीत चुकांची मोजणी दिसते की नाही हे तपासणे आवश्यक ठरते. ईसीसी नसलेल्या संगणकात रॅमची चाचणी घेणाऱ्या आज्ञावलीचा अधूनमधून वापर केल्यास कायमचे दोष बऱ्याच अंशी सापडतात. तात्पुरता उलटून पुन्हा पूर्ववत झालेला बिट मात्र अशा चाचणीत सापडत नाही. तो विदेत शिरला त्याच क्षणी पकडणे हे ईसीसीचे काम आहे.